पूजेच्या वेळची तुंबडी

माझ्या लेकराच्या छातीत मधोमध खळगा होता. जन्मला तेव्हा नुसतं दबल्यासारखं दिसायचं, रडताना जरा जास्त. मी झरीची, शेतकऱ्याची लेक. आमच्याकडं लेकरू खणखणीत रडतंय, दूध ओढतंय, म्हणजे धडधाकट. पुढं काही बघायचं नाही. पण मला दिलं होतं पूर्णेला, भांड्याच्या दुकानवाल्यांच्या घरात, आणि इथं त्या खळग्याचं भलतंच झालं.

आम्ही लिंगायत. आमच्यात लेकराच्या गळ्यात लहानपणीच लिंग बांधतात. चांदीची छोटी डबी, तिला दोरा, आणि ती छातीवर यायला पाहिजे. लिंग जन्मभर अंगावेगळं करायचं नाही. रोज आंघोळ झाली की कपाळाला भस्म लावायचं, डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, परत डबीत ठेवायचं. त्याआधी पाण्याचा घोट नाही. माझ्या लेकराला लिंग बांधलं त्या दिवशी ती डबी सरळ जाऊन त्या खळग्यात बसली. माप घेऊन केल्यासारखी. सासूबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "शिवानं बसायला जागा करून घेतली माझ्या नातवात." झालं. त्या एका वाक्यानं आमची कितीतरी वर्षं खाल्ली.

खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा गोडच वाटलं होतं. आपल्या लेकराला देवानं निवडलंय म्हणल्यावर कोणती आई नको म्हणेल? सोमवारी शेजारणी बेलपान घेऊन यायच्या. झबलं वर करायचं, खळग्यातल्या डबीवर पान ठेवायचं, पाया पडायचं. लेकराला गुदगुल्या व्हायच्या, ते खुदुखुदु हसायचं. कुणी पेढा आणायचं, कुणी नारळ. सासूबाई दारात बसून सगळ्यांना सांगायच्या, माझ्या घरी महादेव आलाय.

बारावं लागलं आणि पोरगं सटासट वाढायला लागलं. उंची वाढली तसा खळगाही वाढला. शाळेत कबड्डी खेळताना एका चढाईतच धापा टाकायचा. पोरं काय, पोरंच. म्हणायची, तुझ्या छातीत पोहे वाढून खाता येतील. हा खांदे पुढं काढून चालायला लागला, म्हाताऱ्यावाणी. मे महिन्यात आमच्याकडं ऊन म्हणजे काय ते आमचं आम्हाला ठाऊक. गडीमाणसं घरात उघडीच असतात. हा मात्र आत बनियन, वर शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. झोपतानाही तेच. पाठ घामोळ्यांनी भरली तरी काढायचा नाही. पूजेला पुरुषांनी उघड्या अंगानं बसायचं, तर हा टॉवेल पांघरून भिंतीकडं तोंड करून बसायचा.

अशाच एका सोमवारी बाजारपेठेतल्या दोन बायका आल्या. एकीची सून पोटुशी होती, तिला दर्शन घडवायचं होतं. सासूबाईंनी हाक मारली, "ये रे बाळा, शर्ट काढून ये."

लेकरू उठलं, न्हाणीत गेलं आणि आतून कडी लावली. सासूबाई दाराशी जाऊन लाडीगोडी लावायला लागल्या. आतून आवाज आला, "आजी, मी देऊळ न्हाई."

मला राग यायला वेळ लागत नाही. माहेरी मला फटाकडीच म्हणायचे. मी त्या बायकांना चहा दिला, पण कपबशा अशा ठेवल्या की दुसरा घोट घ्यायची त्यांची हिंमत झाली नाही. त्या गेल्या. मग मी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले. बऱ्याच वेळानं कडी निघाली. डोळे लाल करून लेकरू माझ्याशेजारी बसलं आणि हळूच म्हणालं, "आई, मला कधीच शर्ट काढता येणार न्हाई का?"

रडू आलं की मी चिडते. "का येणार न्हाई? उद्या चल दवाखान्यात," असं म्हणाले आणि उठले. आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

परभणीच्या लेकरांच्या डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं. कागदावर बरगड्या काढून दाखवल्या. बरगड्यांना जोडणारी कूर्चा गरजेपेक्षा जास्त वाढते आणि मधलं हाड आत ढकलते, असं म्हणाले. यात कुणाच्या खाण्यापिण्याची चूक नाही. आमच्या ह्यांनी घाबरत घाबरत विचारलं, "कापावं लागतंय का?" डॉक्टर म्हणाले, काहींना लागतं, आत धातूची पट्टी बसवतात. पण याचं वय कमी आहे, छाती अजून लवचीक आहे. छातीला वाटीसारखं एक साधन लावून हाड हळूहळू वर ओढता येतं. "करायचं तर आत्ताच करा. दोन-चार वर्षांनी हाडं घट्ट झाली की ही वाट अवघड होते," असं त्यांनी बजावून सांगितलं आणि हैदराबादच्या एका डॉक्टरांकडं पाठवलं.

पूर्णेच्या माणसाला हैदराबाद लांब वाटत नाही. निजामाच्या काळात आमच्या आजे-पणज्यांची कोर्टकचेरी तिकडंच होती. गाडीत बसलो आणि सकाळी उतरलो. तिथले डॉक्टर स्वतः कापाकापी करणारे, आणि तेच म्हणाले, याला आत्ता कापू नका. आधी हृदयाचा फोटो काढला, फुंकर मारायला लावून श्वास मोजला, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं तेव्हा कुठं ते साधन पेटीतून बाहेर काढलं. रबरासारखी मऊ कड असलेली मोठी वाटी, वर काचेसारखी खिडकी, एक नळी, आणि नळीच्या टोकाला बीपी मोजताना दाबतात तसला फुगा.

लेकरू पलंगावर उताणं झोपलं. शर्ट काढताना त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी दुसरीकडं पाहिलं. डॉक्टरांनी वाटी खळग्यावर ठेवली, फुगा दाबला. पण गळ्यातला दोरा कडेखाली आला होता, त्यातून हवा सुटली. लेकरानं पटकन डबी दोऱ्यासकट पाठीकडं सरकवली. परत फुगा दाबला. आम्ही दोघं वाटीच्या खिडकीतून वाकून बघत होतो. आणि माझ्या लेकराच्या छातीचं हाड वर आलं. तेलात पुरी फुगावी तसं, हळूच, माझ्या डोळ्यांदेखत. हे इतके खाली वाकले की डॉक्टरांनी त्यांना खांद्याला धरून मागं घेतलं.

"दुखायलंय का रे?" मी विचारलं.

"न्हाई. ओढायलंय नुसतं."

मी आयुष्यात तेवढी खूश कधी झाले नव्हते. तेवढ्यात डॉक्टरांनी वाटी काढली, आणि हाड बघता बघता पुन्हा खाली गेलं. लाल गोल वण तेवढा राहिला. डॉक्टर म्हणाले, असंच होणार. रोज सकाळ-संध्याकाळ लावायचं, आधी थोडा वेळ, मग वाढवत न्यायचं. वर्ष, दोन वर्षं, कदाचित जास्त. सोबत पाठीचे आणि श्वासाचे व्यायाम. सगळ्यांना सारखा गुण येतो असं नाही, पण याला येईल असं वाटतंय. मध्ये सोडून दिलं तर केलेलं पाण्यात. तिथल्या सिस्टरनं लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, "जल्दी नक्को करना बेटा, हल्लू हल्लू."

मी घरी आले ती हवेतच. सासूबाईंसमोर पेटी उघडली. त्यांनी ती वाटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "ही तर तुंबडी."

तुंबडी म्हणजे काय ते हल्लीच्या पोरांना माहीत नसेल. पूर्वी बाजाराच्या दिवशी तुंबडी लावणाऱ्या बायका यायच्या. दुखऱ्या जागेवर शिंग लावायचं, तोंडानं हवा ओढायची, खराब रक्त वर आलं म्हणायचं. सासूबाईंनी तरुणपणी गुडघ्यांना लावून घेतली होती. "गुडघ्याला लावत्यात तुंबडी," त्या म्हणाल्या. "देवाच्या जागेला कोण लावतंय?"

मी काही बोलणार, इतक्यात लेकरानं वाटी लावून दाखवायला म्हणून डबी पाठीवर टाकली. सासूबाईंचा चेहरा उतरला. ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी पुरून उरले असते. "देवाला पाठीवर टाकलंस व्हय रे?" एवढंच म्हणाल्या आणि उठून आतल्या खोलीत गेल्या.

पुढचे काही दिवस मी दुकानात अडकले, लग्नसराई होती. सकाळी विचारायचे, लावलीस का? तो म्हणायचा, लावली. एक दिवस कपाट आवरताना वाटी पेटीत तशीच घडी घातलेल्या रुमालात दिसली, मी ठेवली होती तशी. त्याचा शर्ट वर केला तर छातीवर वणाचा मागमूस नाही.

"का रे?"

"आजी रडायली होती. मला न्हाई लावायची. राहू दे खळगा."

माझं डोकं फिरलं. राहू दे म्हणे. हाडं काय थांबणार होती कुणाचे रुसवेफुगवे निघेपर्यंत? मी तशीच सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. "आत्याबाई, तुमचा शिव एवढा मोठा, आख्खं जग त्याचं. त्याला बसायला माझ्याच लेकराची छाती सापडली का? लेकराला दम भरायला जागा न्हाई आणि तुमाला देवाच्या जागेची पडलीय." आणखी लय काय काय बोलले. शेजारची खिडकी उघडली, मी आवाज चढवला. आमचे हे चप्पल घालून निघाले ते दुकान उघडायला. आणि त्या दिवशी दुकानाची सुट्टी होती.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याला शर्ट काढायची लाज वाटतीय?"

"मग काय हौस हाय का त्याला मे महिन्यात बटणं लावायची?"

"मला वाटलं, लेकरू देव झाकून ठेवायलंय," त्या म्हणाल्या. "नजर लागू नये म्हणून. मी तर सगळ्यांना सांगायचे, बघा, किती जपतंय."

ही बाई खोटं बोलत नव्हती. भिंतीकडं तोंड करून बसणारं नातवंड बघून ती इतकी वर्षं मनातल्या मनात खूश होत होती. मला तिचा राग येत होता आणि कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं ते मला कळत नाही. मी भाजी चिरायला बसले.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर सासूबाईंनी लेकराला पूजेला बोलावलं. तो टॉवेल पांघरून आला. त्यांनी त्याला आपल्यासमोर बसवलं, कपाळाला भस्म लावलं, डबीतून लिंग काढून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं. रोजचंच. मग रिकामी डबी आणि दोरा त्याच्या गळ्यातून काढून ताम्हणात ठेवला आणि मला हाक मारली, "पोरी, ती तुंबडी आण."

मी पेटी घेऊन धावले.

"पूजेला देव हातावरच असतोय," त्या म्हणाल्या. "तेवढा वेळ छाती रिकामीच असती की. लाव आता."

लेकरू त्यांच्याकडं बघत राहिलं. "आजी, तुला वाईट वाटंल."

"मला काय वाटायचं ते मी बघते. तू टॉवेल काढ."

त्यानं टॉवेल काढला. मी वाटी ठेवली, त्यानं उजव्या हातानं फुगा दाबला. हाड वर आलं. सासूबाई वाटीच्या खिडकीतून बघत होत्या, तोंडानं नमः शिवाय चालूच होतं. पाच मिनिटांत उरकणारी पूजा त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेली वेळ भरेपर्यंत चालली. त्या मंत्र संपवायच्या आणि परत पहिल्यापासून सुरू करायच्या. इतक्या दिवसांत मला हे सुचलं नव्हतं. डॉक्टरांना सुचायचं कारणच नव्हतं. आणि आमच्या घरात एक वेळ जेवण चुकेल, पण पूजा चुकत नाही.

वेळ वाढत गेली तशी पंचाईत झाली. तासन्‌तास लिंग तळहातावर धरून पोरगं गणितं कशी सोडवणार? घरी येणाऱ्या स्वामींना सासूबाईंनीच विचारलं. ते म्हणाले, बेंबीच्या वर आणि अंगाला लागून असलं म्हणजे झालं, दंडाला बांधा. सासूबाईंनी पांढऱ्या कापडाची पट्टी शिवली. अभ्यासाला बसताना डबी दंडाला, वाटी छातीवर, त्यावर ढगळ शर्ट. त्यातून वाटीचं टेंगूळ दिसायचं. हे त्याला म्हणायचे, पैलवान झालास की रे.

सगळं काही सुरळीत गेलं असं नाही. कडेखाली घाम यायचा, खाज सुटायची, कधी हाताला मुंग्या यायच्या. काही महिन्यांनी फरक दिसायला लागला आणि पोराला हाव सुटली. सांगितल्यापेक्षा जास्त फुगा दाबायचा, जास्त वेळ ठेवायचा. एका सकाळी सासूबाईंनीच पाहिलं, छातीवर काळेनिळे ठिपके उठले होते. मी हैदराबादला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, काही दिवस बंद ठेवा, वण गेला की परत कमी जोरानं सुरू करा. फोन ठेवल्यावर मी लेकराला असं झापलं की गल्लीतली कुत्री उठली. ते काही दिवस तो रोज विचारायचा, आज लावू का? सासूबाई म्हणायच्या, देव काय पळून चाललाय का?

घरी मोजायला काही नव्हतं, पण डबी होती. आधी ती खळग्यात पूर्ण बुडायची. मग तिची कड वर दिसायला लागली. मग अर्धी. हैदराबादला डॉक्टर दर वेळी मोजायचे आणि मान हलवायचे. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ती डबी खळग्यात बसायची बंद झाली. चालताना छातीवर इकडून तिकडं हलायला लागली, इतर सगळ्यांची हलते तशी. खांदे मागं गेले. कबड्डीत आता एका चढाईत थकत नाही, उलट पोरांचे पाय धरून ओढतो आणि गुडघे फोडून घरी येतो.

बाजारपेठेतली ती बाई, सून पोटुशी होती ती, एकदा नातवाला कडेवर घेऊन आली. सासूबाईंना म्हणाली, "जागा बुजली म्हणे. देव उठून गेला का मग?"

मी आतून ऐकत होते, लाटणं हातात होतं. सासूबाईंनी त्या बाळाचं टोपरं नीट केलं. "न्हाई की," म्हणाल्या. "आधी दारात बसला होता, आता आत गेला." बाईला ते पटलं की नाही, ठाऊक नाही. पण त्यानंतर सोमवारी बेलपान घेऊन कुणी आलं नाही. सासूबाईंना त्याचं काही वाटलं का, हे मी विचारलं नाही. वाटलंच असेल. दारात बसून सांगायची त्यांची एक मोठी गोष्ट गेली होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं घालवली होती.

खळगा अगदी सपाट झालेला नाही. अजून बोट टेकेल एवढा आहे. डॉक्टर म्हणालेत, अजून काही महिने लावा, मग बघू. आम्ही लावतोय.

परवाच्या मे महिन्यात एक दिवस ऊन कलतं झालं आणि लाईट गेली. घरात बसवेना म्हणून गल्लीतल्या बायका आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. मी होते, सासूबाई होत्या, शेजारणी होत्या, त्यांच्या सुना होत्या. कुणी शेंगा फोडत होतं, कुणी पदरानं वारा घेत होतं. लाईट आल्यावर कूलर लगेच लागावा म्हणून लेकरू बाहेरच्या टाकीतून बादल्या भरून आत नेत होतं. अंगात फक्त हाफ पँट. उघडं. घामानं चमकणारं, छातीवर डबी हेलकावे खातेय, आणि सगळ्या बायकांच्या मधून बादली सांभाळत ते चाललंय. एकीनं पाय आवरून वाट दिली आणि परत शेंगा फोडायला लागली. कुणी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

माझे हात थांबले. मी शेजारी बघायच्या आत सासूबाई बोलल्याच, "अरे, बायामाणसं बसल्यात. अंगात बनियन तरी घाल. एवढा घोडा झालास, लाज हाय का न्हाई?"

"लय गरम व्हायलंय, आजी," तो म्हणाला आणि थांबलाही नाही.

सासूबाई त्याच्या पाठमोऱ्या अंगाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर तोंडाला लावला होता, पण रडू काही लपत नव्हतं. तो रिकामी बादली घेऊन परत आला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं. त्याला वाटलं, आता बोलणी बसणार.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "तसाच फिर."